कॅम्पर व्हॅनसाठी लिथियम की लेड-ॲसिड? नागपूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झाला, ताडोबा आणि पेंच तर आधीपासूनच हाकेच्या अंतरावर. त्यामुळे ट्रॅव्हलर किंवा जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि फ्रिज बसवणारी कुटुंबं आता आपल्याकडे बरीच दिसतात. मी अशी गाडी सात वर्षं वापरतोय. पहिली तीन वर्षं ट्यूब्युलर बॅटरीवर (घरच्या इन्व्हर्टरला असते ती, लेड-ॲसिडचाच एक प्रकार) काढली, नंतर लिथियम बसवली. लोक जे प्रश्न मला विचारतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे सगळं दिवे, पंखा, फ्रिज चालवणाऱ्या घरगुती वापराच्या बॅटरीबद्दल आहे. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी असते, ती कंपनीने दिलेली लेड-ॲसिडच राहू द्या.

एका वाक्यात सांगा, कोणती घेऊ?

आधी दोन गोष्टी सांगा: वर्षाला किती रात्री गाडीत झोपता, आणि मे महिन्यात गाडी कुठे उभी असते?

तीस-चाळीस रात्रींच्या वर जात असाल तर लिथियम घ्या, फार विचार करू नका. वर्षातून दोन-तीन फेऱ्या होत असतील, गाडी आवारात शेडखाली उभी असेल आणि शेजारी चार्जर लावायला प्लग असेल, तर ट्यूब्युलर चांगली साथ देते आणि पैसे वाचतात. पण गाडी सोसायटीबाहेर उघड्यावर उभी असेल आणि तीन-तीन महिने तिला कोणी हात लावत नसेल, तर वापर कमी असूनही लिथियमच बरी. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. "आम्ही कमी वापरतो, म्हणून साधी चालेल" असं ते म्हणतात. लेड-ॲसिड बॅटरी मात्र वापरून जितकी खराब होते, त्याहून जास्त उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने होते.

लिथियम म्हणजे मोबाइलमधलीच का?

नाही. व्हॅनसाठी जी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात एलएफपी म्हणतात ती. हे रसायन जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलं. त्याच गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मोबाइलमध्ये आणि बऱ्याच इलेक्ट्रिक वाहनांत निकेल किंवा कोबाल्ट असलेली लिथियम असते. ती वजनाच्या मानाने जास्त वीज साठवते, पण तापल्यावर लवकर बिघडते.

दुकानात ओळखायची सोपी खूण: एका सेलचा व्होल्टेज विचारा. ३.२ सांगितला तर एलएफपी, ३.६ किंवा ३.७ सांगितला तर दुसरी. असे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते.

१५० एएचची ट्यूब्युलर १०० एएचच्या लिथियमपेक्षा मोठी नाही का?

एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप. लेबलवर मोठी आहे. वापरात जवळजवळ बरोबरीची, किंबहुना थोडी लहानच.

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॉट-तास, म्हणजेच १.८ युनिट. पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी उरतं ०.९ युनिट. १०० एएच गुणिले १२.८ म्हणजे १.२८ युनिट, आणि एलएफपीमधून ९० टक्के बिनधास्त काढता येतात, म्हणजे साधारण १.१५ युनिट.

यात आणखी एक गोष्ट आहे. लेड-ॲसिडची क्षमता १० किंवा २० तासांत हळूहळू उतरवून मोजलेली असते. मिक्सर किंवा इंडक्शन लावून ती झटक्यात ओढली तर लेबलवरचे एएच मिळतच नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं. लिथियममध्ये हा फरक फार थोडा असतो. दिवसभराच्या फेरफटक्यानंतर इन्व्हर्टरवर चहा ठेवला आणि बॅटरी अर्धी असूनही इन्व्हर्टर किंचाळायला लागला, हा अनुभव ट्यूब्युलरवाल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

आम्हाला रोज किती वीज लागेल?

आमच्या चौघांचा उन्हाळ्यातला एक दिवस सांगतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो आणि मे महिन्यात निम्मा वेळ चालूच असतो, म्हणजे दिवसाला साधारण ०.५४ युनिट. २० वॉटचे दोन पंखे रात्रभर, ०.३६. चार एलईडी दिवे, चार मोबाइल, थोडा लॅपटॉप, पाण्याचा पंप हे सगळं मिळून ०.२. बेरीज १.१ युनिट.

आता वरचे आकडे पाहा. एक ट्यूब्युलर ०.९ वर थांबते, एक लिथियम १.१५ वर. पेंचच्या सिल्लारी गेटजवळ मुक्काम असताना आमचा फ्रिज पहाटे चार-साडेचारला बंद पडायचा आणि सकाळी दूध नासलेलं असायचं, ते याच फरकामुळे. हिवाळ्यात पंखे नसतात आणि फ्रिजही कमी चालतो, तेव्हा दोन्ही बॅटऱ्या पुरतात.

घरून निघण्याआधी तुमच्या वस्तूंचे वॉट आणि तास कागदावर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यावरच बॅटरीचा आकार ठरतो.

नागपूरच्या उन्हात कोणती टिकते?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि नवतपा लागला की ४५ तर दरवर्षीच ठरलेले. बॅटरी बनवणारे आयुष्याचे आकडे देतात ते २५ अंशांचे. लेड-ॲसिडसाठी ठोकताळा असा की त्यावर दर ८-१० अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणून पुण्यात पाच वर्षं गेलेली बॅटरी नागपुरात अडीच वर्षांत बसली, तर त्यात दुकानदाराचा दोष असेलच असं नाही.

लिथियमलाही ऊन सोसत नाही, ती फक्त वेगळ्या प्रकारे सांगते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही रामटेकहून परतलो आणि गाडी दुपारभर रस्त्यावर उभी होती. छतावरचं सोलर पूर्ण ताकदीने चालू, बॅटरी ४० टक्क्यांवर, आणि मोबाइलच्या ॲपमध्ये चार्जिंग शून्य. बॅटरी बिघडली असं समजून मी दुकानात फोन केला. तिथून विचारलं, "हात लावून पाहिला का?" सीट उचलून हात ठेवला तर क्षणभर टेकवत नव्हता. पेटीत थर्मामीटर ठेवला: बाहेर सावलीत ४४, पेटीत ५७. बॅटरीच्या आतल्या संरक्षण सर्किटने, म्हणजे बीएमएसने, ५५ अंशांवर चार्जिंग थांबवलं होतं. ते त्याचं काम चोख करत होतं. ट्यूब्युलर असती तर ती काहीही न बोलता त्याच उष्णतेत चार्ज होत राहिली असती, आणि पाणी उकळल्यासारखं कमी होत गेलं असतं.

त्यानंतर पेटी मागच्या चाकावरून काढून मधल्या पट्ट्यात, जमिनीलगत आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला नेली. बॅटरीच्या चारही बाजूंना दोन बोटं जागा ठेवली, ४० अंशांवर चालू होणारा छोटा पंखा लावला, आणि गाडीच्या छताला पांढरा उष्णतारोधक रंग दिला. पुढच्या मे महिन्यात पेटी ४६ च्या वर गेली नाही. बॅटरी कोणतीही घ्या, इंजिनच्या बाजूला, चाकावर किंवा पत्र्याला चिकटून ठेवू नका. महागड्या बॅटरीपेक्षा ही जागेची निवड जास्त वर्षं देते.

थंडीत लिथियम चालत नाही म्हणतात?

शून्य अंशांखाली चार्ज करू नये हे खरं. तेव्हा सेलच्या आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तो परत जात नाही. वीज वापरता मात्र येते. नागपूर, चिखलदरा, पचमढीच्या थंडीत सहसा काळजी नाही. हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीला नेणार असाल तर बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे ना, ते आधी विचारा.

भाऊ, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पडून आहे, तीच लावून देऊ का?

सुरुवात करून पाहायला हरकत नाही, पण तीन अटींवर. ती उंच ट्यूब्युलर भरलेली असताना ५५-६० किलोची असते, तेव्हा पट्ट्याने चेसिसला आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ती झोपण्याच्या जागेच्या आत ठेवायची नाही, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. पेटीला बाहेर जाणारी हवेची नळी हवीच. आणि घाटात ॲसिड सांडू शकतं, म्हणून खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा. चिखलदऱ्याच्या वळणांवर आमच्या ट्रेमध्ये पेलाभर ॲसिड जमलं होतं. तो ट्रे नसता तर पत्रा खाल्ला असता.

जुना चार्जर लिथियमला चालेल?

सेटिंग बदलता येत असेल तरच. एलएफपीला १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज आणि नंतर १३.५ च्या आसपास फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवणारा व्होल्टेज) पुरतो. ट्यूब्युलरचे काही चार्जर अधूनमधून १५ च्या वर नेऊन सेल सारखे करतात. ते लिथियमला चालत नाही, बीएमएस लगेच लाइन तोडतो. चार्जरवर "लिथियम" किंवा "एलएफपी" पर्याय नसेल तर नवा घ्या.

गाडी चालवताना अल्टरनेटरवरून थेट चार्ज करता येईल?

अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र. लेड-ॲसिड असेल आणि गाडी जुनी असेल तर रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) लावून लोक करतात, चालतंही. लिथियम थेट जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देईल तेवढा करंट ती ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन संथ चालू असताना अल्टरनेटरचा पंखाही संथ असतो, आणि मग वाइंडिंग जळतं. त्यातच बीएमएसने मध्येच लाइन तोडली तर व्होल्टेज उसळून डायोड जाऊ शकतात. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो, त्यावर कोणतीच बॅटरी नीट भरत नाही.

उपाय म्हणजे मध्ये डीसी-डीसी चार्जर, जो अल्टरनेटरवरचा करंट मर्यादेत ठेवून बॅटरीला योग्य व्होल्टेज देतो. २० अँपिअरचा असला तरी तासाला पाव युनिटच्या वर भरतो. ताडोब्याच्या मोहर्ली गेटपर्यंतच्या तीनेक तासांच्या प्रवासात पाऊण युनिट आत जातं, म्हणजे तिथली रात्र बरीचशी निघते. ट्यूब्युलरला तेवढ्याच वेळात तेवढं देता येतं, पण तिचे शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात. व्हॅनमध्ये तेवढे तास सलग मिळत नाहीत. ती कायम अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि दीड वर्षात "बॅटरी पकड घेत नाही" अशी तक्रार सुरू होते. लिथियमला अर्धवट भरलेलं राहण्याचा काहीच त्रास नाही. व्हॅनच्या आयुष्याला ती जुळते ती मुख्यतः या गुणामुळे.

छतावरच्या सोलरवर भागेल का?

२०० वॉटचा पॅनेल छतावर आडवा असेल तर उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी पाऊण युनिट देतो. ऊन कितीही कडक असलं तरी पॅनेल तापला की उत्पादन घटतं, हे लक्षात ठेवा. दर अंशाला साधारण ०.४ टक्के, आणि मे महिन्यात पॅनेल ६५-७० अंशांवर जातो. पत्र्यापासून चार बोटं उचलून बसवा, खालून वारा खेळू द्या. श्रावणात ढगाळ दिवशी मात्र फार आशा ठेवू नका.

एसी चालेल?

एक टनाचा एसी साधारण एक किलोवॉट घेतो. १०० एएचची लिथियम त्याला जेमतेम तास-सव्वा तास पुरते. रात्रभराचा हिशेब पाच-सहा युनिटांवर जातो, म्हणजे अशा पाच बॅटऱ्या. ट्यूब्युलरमध्ये तर विचारही नको.

आपल्याकडे याला चांगला पर्याय आहे, कूलर. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की १२ व्होल्टचा ५०-६० वॉटचा छोटा कूलर वाळ्याच्या ताट्यासह व्हॅनची रात्र सुखाची करतो, आणि रात्रभरात अर्धं युनिटच घेतो. खिडकी थोडी उघडी ठेवा. मृगाचा पाऊस पडला की त्याचा उपयोग संपतो, पण तोवर रात्रीही सोसण्याजोग्या झालेल्या असतात.

लिथियमला आग लागते, मुलांसोबत झोपायला भीती वाटते.

भीती रास्त आहे, म्हणून नीट समजून घ्या. एलएफपी स्वतःहून पेटण्याची शक्यता इतर लिथियम प्रकारांपेक्षा बरीच कमी आहे, कारण तिच्या रचनेतला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. तरी आतला द्रव ज्वलनशील आहेच, आणि सेल फुटला तर पेट घेणारा वायू सुटतो.

व्हॅनमध्ये जास्त धोका बॅटरीबाहेरच्या तांब्यात असतो. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर जवळपास ९० अँपिअर ओढतो. घरच्या वायरिंगची वायर इथे चालत नाही, २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची केबल लागते. आमच्या पहिल्या कामात फिटरने थिंबल (केबलच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) पकडीने दाबून दिलं होतं, हायड्रॉलिक प्रेसने नाही. दोन महिन्यांत जळका वास आला. पाहिलं तर टर्मिनलजवळचं लाल इन्सुलेशन वितळून मेणासारखं ओघळलेलं, आणि त्यापासून वीतभर अंतरावर मुलीची गादी. त्या दिवसापासून मी प्रत्येक फेरीआधी पाना घेऊन सगळे नट तपासतो आणि तासभर लोड चालवून जोडांवर हात फिरवतो. जो जोड गरम लागेल तो पुन्हा करायचा.

लिथियमच्या पॉझिटिव्हवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत, क्लास-टी फ्यूज (फार मोठा करंट सुरक्षित तोडणारा) लावा. शॉर्ट झाल्यावर ती हजारो अँपिअर देऊ शकते, आणि साधा फ्यूज तेवढा करंट तोडू शकत नाही.

दोन्ही एकत्र जोडल्या तर?

समांतर जोडू नका. त्यांचे व्होल्टेज आणि चार्ज होण्याच्या सवयी वेगळ्या, एक दुसरीला सतत ओढत राहते.

ई-रिक्षाची जुनी लिथियम स्वस्तात मिळतेय.

ती बहुधा ४८ किंवा ६० व्होल्टची असते. व्हॅनच्या १२ व्होल्टसाठी मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि चार्जरही वेगळा. जुन्या पॅकमधले सेल सारखे उरलेले नसतात, एक कमकुवत सेल सगळा पॅक बंद पाडतो. प्रत्येक सेलचा व्होल्टेज स्वतः मोजता येत असेल आणि पॅक उघडणारा माणूस जाणकार असेल तरच या वाटेला जा.

पैशांचं गणित कसं बसतं?

भाव बदलत असतात, म्हणून पद्धत सांगतो, आकडे तुमच्या दुकानातले घाला. समजा ट्यूब्युलर १५,००० ची. लिथियम ३०,००० ची, वर डीसी-डीसी चार्जर, फ्यूज आणि केबल मिळून १८,०००, म्हणजे ४८,०००. लिथियम दहा वर्षं धरू.

ट्यूब्युलर चार वर्षं टिकली तर दहा वर्षांत तीन घ्याव्या लागतील, ४५,०००. जवळपास बरोबरी, आणि पैसे एकदम काढावे लागत नाहीत. दोनच वर्षं टिकली तर पाच लागतील, ७५,०००. म्हणजे सगळं गणित तुमची ट्यूब्युलर दोन वर्षं टिकते की चार यावर फिरतं, आणि ते सावलीवर आणि निगेवर अवलंबून आहे. जुन्या लेड बॅटरीचे बदलीत पैसे मिळतात, तेही वजा करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-ॲसिडवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, लिथियमवर तो आधीच १८ होता. करातला जुना फरक त्यामुळे आता उरलेला नाही.

वजनाचाही विचार करा. तेवढ्याच वापराची लिथियम १२-१३ किलोची असते. वाचलेले ४५ किलो म्हणजे पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन.

लेड-ॲसिडच परवडते. तिची निगा कशी ठेवू?

मनापासून ठेवलीत तर ती दगा देत नाही. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहा, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आरओचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी नळी) घेऊन ठेवा. पूर्ण चार्जनंतर सगळ्या सहा सेलची ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास किंवा वर आणि एकमेकांशी जुळती हवी. एकच सेल खूप खाली दाखवत असेल तर तो चाललाय असं समजा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं खार आलं तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने साफ करा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो आणि गाडी उभीच असते, तेव्हा तिला महिन्यातून एक रात्र चार्जर लावा.

लिथियमवाल्यांनी उलट करायचं: गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून मेन स्विच बंद करायचा. उन्हाळ्यात पूर्ण भरून ठेवलेली लिथियम लवकर म्हातारी होते.

विकत घेताना काय विचारू?

बीएमएस सलग किती अँपिअर देतो, किती अंशांवर चार्जिंग थांबवतो, आणि वॉरंटी व्हॅनमधल्या वापराला लागू आहे का. हे तिसरं लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एकांना "ही घरगुती सोलरची बॅटरी होती" म्हणून दावा नाकारला गेला. वजनही करून पाहा. १०० एएच लिहिलेली एलएफपी आठ किलोचीच भरली तर आत तेवढे सेल नाहीत.

गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सीट काढणं, छत उंचावणं त्यात येतं. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, नंतर फार धावपळ होते.

जुनी बॅटरी कुठे द्यायची?

ज्या दुकानातून नवी घेता तिथेच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार लेड असो वा लिथियम, बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. फेरीवाल्या भंगारवाल्याला लेड बॅटरी देऊ नका. ती उघड्यावर फोडली जाते, ॲसिड नालीत आणि शिशाची धूळ तिथल्या पोरांच्या अंगात जाते. लिथियम देताना दोन्ही टर्मिनलवर जाड टेप गुंडाळा आणि ती उभीच न्या.